डोंगर वगळून माउंटन बाइक: रोजच्या प्रवासासाठी परवडणारी सायकल निवडताना

पंधरा हजार रुपयांच्या आत मिळणारी माउंटन बाइक सहसा कोणी डोंगरावर नेण्यासाठी घेत नाही. ती कार्यालयात जाते, शिकवणीला जाते, मंडईत जाते, पावसाळ्यात जिन्याखाली ओली उभी राहते आणि उन्हाळ्यात वाहनतळावर दिवसभर तापते. तरीही दुकानात तिचे वर्णन होते ते डोंगराच्याच भाषेत: पुढे स्प्रिंग, जमल्यास मागेही स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर आणि खोल नक्षीचे जाड टायर. रोजच्या ये-जा करण्यासाठी मर्यादित पैशांत माउंटन बाइक घ्यायची असेल, तर डोंगरासाठीची ही सामग्री तिच्यावर जितकी कमी असेल तितकी ती सायकल चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. जे उरते, म्हणजे अंगाला बसणारी फ्रेम, भक्कम चाके, रुंद टायर आणि चौकातल्या दुकानात दुरुस्त होणारे सुटे भाग, त्यांवरच आपले पैसे लागले पाहिजेत.

मी वारज्याहून कर्वेनगर, नळस्टॉप, डेक्कन असे करत शिवाजीनगरला कामावर सायकलने जाते. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, हे वडीलधाऱ्यांकडून सगळ्यांनीच ऐकलेले असते. आजच्या पुण्यात सायकल चालवायची ती दुचाकींच्या गर्दीतून, मेट्रोच्या खांबांशेजारून, चेंबरच्या खोल गेलेल्या झाकणांवरून आणि कुठल्या ना कुठल्या केबलसाठी उकरून घाईत बुजवलेल्या चरांवरून. कार्यालयातल्या मैत्रिणी आणि सोसायटीतले शेजारी अधूनमधून विचारतात की कोणती सायकल घ्यावी, आणि प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

मुळात माउंटन बाइकच का, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. भारतातली पारंपरिक काळी सायकल रोजच्या वापरासाठी फार विचारपूर्वक घडवलेली आहे: पूर्ण चेनकव्हर, दोन्ही चाकांना लांब मडगार्ड, मजबूत कॅरिअर, दुहेरी स्टँड. रस्ता सपाट असेल आणि ओझे वाहायचे असेल, तर आजही तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पण ती वजनदार असते, गिअर नसतात, आणि कोथरूडकडून चांदणी चौकाचा चढ तिच्यावरून रोज चढणे सर्वांना जमणारे नाही. दुसरा पर्याय हायब्रिडचा, म्हणजे रस्त्यावरची सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या घडणीच्या सायकलीचा. चांगल्या डांबरी रस्त्यावर ती माउंटन बाइकपेक्षा हलकी आणि वेगवान चालते, आणि ज्यांचा मार्ग खरोखर चांगला आहे त्यांनी तीच घ्यावी असे मी सांगते. परंतु आपल्या शहरांत एकाच वाटेवर डांबर, काँक्रीटचे उघडे सांधे, पेव्हर ब्लॉक आणि खडी हे सारे भेटते, आणि अशा वाटेवर सव्वीस इंची चाकाचा रुंद टायर व जाड नळ्यांची आखूड फ्रेम यांचा फायदा स्पष्ट जाणवतो. शिवाय सव्वीस इंची टायर आणि ट्यूब तालुक्याच्या गावीही सहज मिळतात, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही.

या सायकलीचा इतिहास इथे थोडा सांगते, कारण खरेदीच्या निर्णयाशी त्याचा थेट संबंध आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर चढवून कच्च्या वाटेने वेगात खाली आणत असत. तिथल्या एका प्रसिद्ध उतारावर १९७६ साली शर्यती सुरू झाल्या. त्या उतारावरून खाली येईपर्यंत मागच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या भागातल्या, ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि दर वेळी हब नव्याने भरावा लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ या सायकल बांधणाऱ्याने अशा वापरासाठी खास फ्रेम बांधली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली. यांपैकी कोणत्याही सायकलीला स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, नव्हता. तसा फोर्क रॉकशॉक्स कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणला. म्हणजे माउंटन बाइक नावाची वस्तू जन्मल्यानंतर दहा-बारा वर्षे माणसे खऱ्याखुऱ्या डोंगरावरून साध्या, ताठ फोर्कने उतरत होती, आणि धक्के सोसण्याचे काम रुंद टायरमधली हवा व चालवणाऱ्याचे सैल कोपर करत होते. कर्वे रस्त्यावरचा गतिरोधक त्या उतारापेक्षा कठीण नाही.

म्हणून स्वस्त सायकलीची पुढची स्प्रिंग टाळावी याबद्दल मी इतरांपेक्षा जास्त आग्रही आहे. महाग फोर्कमध्ये हवा किंवा चांगली स्प्रिंग असते आणि तिची उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा असते. दाबले गेलेले चाक झटक्याने परत उसळू नये, हे काम ती यंत्रणा करते. स्वस्त फोर्कमध्ये बहुधा केवळ पोलादी स्प्रिंग आणि रबराचा तुकडा असतो. खड्डा आला की तो दबतो आणि तसाच उसळतो, त्यामुळे दोन-तीन धक्के एकामागोमाग आले तर हँडल हातात नाचू लागते. चढावर उभे राहून पॅडल मारताना आपले बळ चाकाकडे जाण्याऐवजी काही प्रमाणात ती स्प्रिंग दाबण्यात खर्च होते. साध्या पोलादी फोर्कपेक्षा त्याचे वजन सहज दीड किलोने जास्त भरते. सगळ्यांत वाईट परिणाम पावसाळ्यात दिसतो: आतल्या सरकत्या नळ्यांवर चिखलपाणी बसते, गंज धरतो, आतले प्लास्टिकचे बुश झिजतात आणि पुढचे चाक खुळखुळू लागते. असा फोर्क उघडून दुरुस्त करावा असा बनवलेलाच नसतो. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि अखेर तो पूर्ण बदलावा लागतो. दुकानात ताठ फोर्कची सायकल उपलब्ध असेल तर निःसंकोच तीच घ्यावी. ती नसेल आणि स्प्रिंगचीच घ्यावी लागली, तर फोर्कच्या माथ्यावर स्प्रिंग बंद करण्याची कळ आहे का ते पाहावे, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून फोर्कच्या सांध्यात खेळ आहे का ते हाताने तपासावे.

मागच्या स्प्रिंगचा विचार या किमतीत करूच नये. त्या सांध्याचे बुश लवकर सैल होतात, वजन वाढते, आणि नेहमीचे कॅरिअर बसवायला जागा राहत नाही. चार इंची टायरच्या फॅट बाइकविषयीही माझे मत असेच आहे. तो टायर वाळू आणि बर्फासाठी आहे, आणि त्याची ट्यूब फुटली तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तिची जोडी असण्याची शक्यता फार कमी.

आता चाकांकडे येऊ, कारण स्वस्त सायकल सर्वांत आधी चाकांत दगा देते. रिम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असावी आणि शक्य असेल तर दुहेरी भिंतीची असावी. एकेरी भिंतीची रिम एका खोल खड्ड्यात वाकते. टायर-ट्यूब न काढताही हे ओळखता येते: हवा भरायच्या छिद्राजवळ वाकून पाहिले तर दुहेरी भिंतीच्या रिमची खोली जास्त दिसते, आणि दुकानदाराला थेट विचारले तर तो सांगतो. मागच्या चाकाला ३६ तारा असतील तर उत्तम. सायकल उचलून चाक फिरवावे आणि ब्रेकच्या रबराशी रिमचे अंतर सर्व बाजूंनी सारखे राहते का ते पाहावे. नव्या सायकलीलाही आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, असतो, आणि तो काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चाकातली एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण वजनदार माणसासाठी तीच निर्णायक ठरू शकते. सात गिअरच्या स्वस्त सायकलींत मागच्या दातेरी चकत्यांचे झुपके बहुधा फ्रीव्हील प्रकारचे असते, म्हणजे ते हबवर आट्यांनी घट्ट बसवलेले असते. या रचनेत उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंत एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, काही सेंटिमीटरचा भाग आधाराविना उरतो. खड्ड्यांतून रोज जाताना एक्सल नेमके तिथे वाकते किंवा मोडते. कॅसेट प्रकारच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रेमच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे हा दोष राहत नाही. दोन्हींतला फरक ओळखण्याची सोपी खूण अशी: मागचे दातेरी झुपके उलट्या दिशेने हाताने फिरवावे, एक्सलजवळची खाचांची कडी त्याच्याबरोबर फिरली तर ते कॅसेट, आणि ती जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. माझे वजन बेताचे असल्यामुळे मला फ्रीव्हील पुरते. पण नव्वद किलोच्या आसपास वजन असलेल्या किंवा कॅरिअरवर मुलाला बसवून नेणाऱ्या माणसाने एखादा हजार अधिक देऊन कॅसेटची सायकल घ्यावी, असे मी आवर्जून सांगते.

टायरच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवशी काटकसर चालते, कारण टायर पुढे बदलता येतात. सायकलीबरोबर येणारा १.९५ किंवा २.१ इंची, मोठ्या गुठळ्यांचा टायर डांबरावर गुणगुणतो, चाक जड करतो आणि मधोमध झिजतो. तो झिजेपर्यंत वापरावा आणि मग दीड ते पावणेदोन इंच रुंदीचा, मधला पट्टा सपाट असलेला टायर टाकावा. त्याच सायकलीत केवढा फरक पडतो ते पहिल्याच दिवशी पायांना कळते. यापेक्षा अरुंद टायर रोजच्या खड्ड्यांसाठी मला योग्य वाटत नाही. हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो, आणि दिलेल्या मर्यादेत वजनाप्रमाणे तो ठरवावा. माझ्यासारख्या मध्यम वजनाच्या व्यक्तीला मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय ठीक पडतो. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढताना अशी जोडभोके दिसली तर काटा शोधत बसू नये, हवेचा दाब तपासावा. माउंटन बाइकच्या ट्यूबला बहुधा मोटारीसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, परंतु तिथला दाब मोठा असल्याने थोडीथोडी भरावी. घरी दाबमापक असलेला उभा पंप ठेवणे सर्वांत चांगले.

चाकाच्या मापाविषयी दुकानात बरीच चर्चा होते. २६, २७.५ आणि २९ इंच अशी तीन मापे आहेत. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, हे खरे आहे. बुटक्या व्यक्तीला २९ इंची चाकाची सायकल अवघड वाटते, हेही तितकेच खरे आहे. २९ इंची माउंटन बाइकची रिम आणि हायब्रिडची ७००सी रिम यांचा टायर बसण्याचा व्यास एकच, म्हणजे ६२२ मिलिमीटर असतो, त्यामुळे पुढे अरुंद टायर टाकायचे असतील तर या मापात पर्याय जास्त मिळतात. ग्रामीण भागात राहणाऱ्याने मात्र २६ इंचच घ्यावे.

गिअरच्या संख्येबद्दल जो मोह पडतो तो साध्या हिशेबाने दूर होतो. एकवीस गिअरच्या नेहमीच्या सायकलीत पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या असतात आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सात. सव्वीस इंची चाकाचा परिघ टायरसह सुमारे २.०५ मीटर भरतो. मिनिटाला ७० फेऱ्या या सावकाश लयीने पॅडल मारले, तर पुढची मधली ३४ची चकती आणि मागचा सर्वांत मोठा २८चा दातेरी यांवर ताशी साडेदहा किलोमीटर वेग मिळतो, आणि त्याच मधल्या चकतीवर मागचा सर्वांत लहान १४चा दातेरी घेतला तर ताशी जवळजवळ २१ किलोमीटर. शहरातल्या गर्दीत सायकलीचा वेग याच दोन आकड्यांच्या मध्ये असतो. मोठी चकती हा वेग २६च्या जवळ नेते, तो उड्डाणपुलाच्या उतारावरच उपयोगी. लहान चकती तो साडेसातवर आणते, तो खड्या घाटासाठी. म्हणजे एकवीसपैकी सात गिअर रोज लागतात आणि उरलेले बहुतेक त्याच वेगांची पुनरावृत्ती करतात. पुढची चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर मात्र सर्वांत जास्त कुरकुर करतो, चेन पाडतो आणि पुन्हापुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्यामुळे पुढे एकच चकती आणि मागे सात गिअर अशी सायकल मिळाली, तर तिला कमी दर्जाची न समजता प्राधान्य द्यावे. माझी सायकल अशीच आहे.

अर्थात गाव कोणते, यावर हे अवलंबून आहे. नागपूर किंवा सोलापूरसारख्या बऱ्याच अंशी सपाट शहरात बिनगिअरची सव्वीस इंची सायकलही वर्षानुवर्षे समाधानाने चालते आणि तिची देखभाल जवळजवळ शून्य असते. साताऱ्यात किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याला मात्र लहान चकती हवीच. गिअर बदलण्याची कळ कशी आहे तेही पाहावे. स्वस्त सायकलींत पुष्कळदा गिअरची कळ आणि ब्रेकची मूठ एकाच साच्यात जोडलेली असते, आणि एक बिघडले की दोन्ही बदलावे लागते. दोन्ही स्वतंत्र असतील तर पुढचा खर्च वाचतो.

ब्रेकबद्दल माझे मत प्रचलित समजुतीपेक्षा थोडे वेगळे आहे. पावसात डिस्क ब्रेक रिमवरच्या ब्रेकपेक्षा चांगले लागतात, यात शंका नाही. ओल्या रिमवर रबराला आधी पाणी पुसून काढावे लागते आणि तेवढ्यात सायकल काही अंतर पुढे गेलेली असते. पण स्वस्त यांत्रिक डिस्कमध्ये बहुधा एकाच बाजूचे पॅड सरकते आणि ते डिस्कला दुसऱ्या पॅडवर दाबते, त्यामुळे झीज वाढते तशी जुळणी वारंवार करावी लागते. वाहनतळावर शेजारच्या दुचाकीचा धक्का लागून डिस्क किंचित वाकली की चाक फिरताना सतत घासल्याचा आवाज येतो. पॅडचे आकारही अनेक, आणि अनामिक कंपनीच्या कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, पॅड दोन वर्षांनी मिळतील याची खात्री नसते. व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकचे, रबर कुठेही मिळते, बदलायला दहा मिनिटे लागतात आणि जुळणी कोणालाही शिकता येते. रिम अॅल्युमिनियमची असेल तर पुण्यासारख्या शहरात मी व्ही-ब्रेक निवडीन. पोलादी, चकचकीत रिम आणि व्ही-ब्रेक ही जोडी मात्र पावसात धोकादायक आहे, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे उतार लांब आणि पाऊस अखंड, तिथे डिस्कसाठी जास्त पैसे मोजणे योग्यच आहे. अशा वेळी पॅड सहज मिळणाऱ्या नामांकित कंपनीचा कॅलिपर आहे याची खात्री करून घ्यावी.

फ्रेमचे माप ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. स्वस्त सायकली पुष्कळदा एकाच मापात येतात, आणि ते माप मध्यम उंचीच्या पुरुषाला धरून ठरवलेले असते. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून वरच्या नळीवर उभे राहिले असता नळी आणि शरीर यांच्यात किमान चार-पाच सेंटिमीटर अंतर राहायला हवे. सीटची उंची अशी असावी की टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेले असता पाय जवळजवळ सरळ होतो. मग पुढचा तळवा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात योग्य तेवढा वाक राहतो. आपल्याकडे बहुतेक माणसे सीट फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की सायकलीला बोल लावतात. तिसरी गोष्ट हँडलपर्यंतच्या अंतराची: कोपर किंचित वाकलेले राहून दोन्ही ब्रेक बोटांच्या टप्प्यात आले पाहिजेत. हँडल दूर वाटत असेल तर आखूड स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, बसवता येतो, पण वरची नळी उंच असेल तर त्यावर उपाय नाही. साडी किंवा घोळदार कुर्ता घालणाऱ्यांनी आणि वयस्कर मंडळींनी उतरत्या नळीची फ्रेम मागावी. ती केवळ मुलींसाठी असते असा समज दुकानदारांनीही सोडून दिला पाहिजे.

फ्रेम पोलादी की अॅल्युमिनियमची, हा प्रश्न मी त्यानंतर घेते. अॅल्युमिनियम गंजत नाही, म्हणून मुंबई आणि किनारपट्टीसाठी तेच बरे. पोलादी फ्रेम थोडी जड असते, पण सांधा उसवला तर वेल्डिंग करून पुन्हा उभी करता येते. या किमतीतल्या सायकलीचे एकूण वजन साधारण १४ ते १७ किलो भरते, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने खरेदीआधी ती एकदा उचलून पाहावी.

मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड या गोष्टी माउंटन बाइकबरोबर बहुधा येत नाहीत, आणि त्या बसवता येतील की नाही हे विकत घेण्याआधीच पाहावे लागते. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ फ्रेमला आट्यांची छिद्रे आहेत का आणि सीटखालच्या नळ्यांवर तशी दोन छिद्रे आहेत का, हे बोट लावून तपासावे. डिस्क ब्रेकचा कॅलिपर अनेकदा कॅरिअरच्या पायाच्या आड येतो आणि स्टँडही नीट बसू देत नाही. स्प्रिंगच्या फोर्कवर पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवणे अवघड जाते, आणि हँडलखाली अडकवायच्या प्लास्टिकच्या छोट्या पट्टीने जूनमधल्या पहिल्याच सरीत बूट व सलवार चिखलाने भरतात. पाठीवरच्या पिशवीऐवजी कॅरिअरवर सामान ठेवले की पाठ घामाने भिजत नाही, आणि कार्यालयात पोहोचणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

त्यामुळे खरेदीचा हिशेब करताना सगळी रक्कम सायकलीवर संपवू नये. हाताशी पंधरा हजार असतील तर अकरा-बारा हजारांची सायकल घ्यावी आणि उरलेले पैसे मडगार्ड, कॅरिअर, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा, हेल्मेट, घंटी, चांगले कुलूप आणि पंप यांसाठी राखून ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीचा फलक लावलेला असेल तर त्याविषयी विचारावे.

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पॅडल आणि पुढचे चाक बसवणे घरी जमले तरी ब्रेक, गिअर आणि चाकांची जुळणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी आणि तो खर्च किमतीत धरावा. दुकानातून घेत असाल तर सायकल चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि ती चालवण्यासाठी रस्ता विचारपूर्वक निवडावा. जंगली महाराज रस्त्यासारख्या टिकाऊपणासाठी नावाजलेल्या रस्त्यावर कोणतीही सायकल चांगलीच वाटते. ती एखाद्या उकरलेल्या गल्लीत न्यावी, गतिरोधकावरून सावकाश न्यावी, एखादा छोटा चढ गिअर बदलत चढावा, आणि कुठे खडखड होते ते कान देऊन ऐकावे.

जुनी सायकल घेण्याचा मार्ग मला मनापासून आवडतो. जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या वाहनतळावर एखादी ताठ फोर्कची, पोलादी फ्रेमची सव्वीस इंची माउंटन बाइक धूळ खात उभी असते, आणि तिचा मालक ती थोडक्या पैशांत द्यायला तयार असतो. अशा सायकलीचे टायर-ट्यूब, चेन, केबल आणि ब्रेकचे रबर बदलावेच लागणार, हे धरून किंमत ठरवावी. हँडलच्या मागे, जिथे दोन नळ्या जोडलेल्या असतात, तिथे रंगाला तडा गेला आहे का ते नीट पाहावे. तो तडा धातूत असेल तर सायकल सोडून द्यावी. सीटचा दांडा वरखाली सरकतो का, तेही तपासावे, कारण गंजून बसलेला दांडा निघत नाही आणि मग उंची जुळवता येत नाही. फ्रेमचा क्रमांक बहुधा पॅडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो. तो घालून विक्रेत्याकडून साध्या कागदावर पावती लिहून घ्यावी.

नवी सायकल महिनाभर चालली की तारा आपापल्या जागी बसतात आणि थोड्या सैल पडतात, केबल ताणल्या जातात, नट ढिले होतात. या वेळी एकदा सगळे कसून घ्यावे आणि चाकांचा आउट काढून घ्यावा. जी चाके पहिल्या महिन्यानंतर पाहिली जात नाहीत तीच सहा महिन्यांत तारा तोडू लागतात. आमच्या चौकातले दुरुस्तीवाले काका पावसाळा संपल्यावर संपूर्ण ओव्हरऑइलिंग करून देतात: हब आणि पॅडलचे एक्सल उघडायचे, जुने ग्रीस पुसायचे, छर्रे पाहून बदलायचे, नवे ग्रीस भरायचे. चेन मात्र मी घरीच सांभाळते. पावसात भिजून आल्यावर ती फडक्याने कोरडी करायची, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि वरचे तेल पुसून टाकायचे, कारण बाहेर राहिलेले तेल रस्त्यावरची माती धरून ठेवते. चेन झिजली की नाही हे साध्या धातूच्या फूटपट्टीने कळते: नव्या चेनमध्ये एका पिनेपासून मोजलेल्या चोवीस अर्ध्या कड्या बरोबर बारा इंच भरतात, आणि तीच लांबी दीड मिलिमीटरने वाढलेली दिसली की चेन बदलायची, म्हणजे मागचे फ्रीव्हील वाचते.